खरी घटना, कादंबरी आणि मग सिनेमा

घटना घडली तशीच्या तशी लिहायला घेऊ नका. आधी तारीखवार टिपण करा, मग त्यातलं निव्वळ योगायोगाने घडलेलं काढून टाका. आयुष्यात योगायोग चालतो, कादंबरीत तोच खोटा वाटतो. नुसतं नाव बदलून माणूस लपत नाही. गाव, हुद्दा, लकबी बदला किंवा दोन-तीन माणसांचं एक पात्र करा. नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो.

सिनेमाचा विचार असेल तर १९७९चा ‘सिंहासन’ हा सिनेमा पाहा, पण तो ज्यांवर बेतलाय त्या कादंबऱ्या वाचून मगच. अरुण साधू पत्रकार होते, राज्याचं राजकारण त्यांनी जवळून पाहिलेलं. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा काढली. पात्रांच्या एवढ्या गर्दीत प्रेक्षकाचं बोट धरतो तो दिगू टिपणीस हा पत्रकार. तुमच्या कथेत असा सगळीकडे सहज वावरणारा कोण, ते शोधाच. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. ४०० पानांची कादंबरी सिनेमाच्या वेळात मावत नाही, उपकथानकं सोडावीच लागतात.

आणि कादंबरीवर सिनेमा करायचे हक्क देताना ते किती काळासाठी, ती मुदत करारात लिहून घ्या. लिहिली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षं धरली जाते.