पुण्यात एवढे फुटपाथ आणि सायकल ट्रॅक बांधूनही लोक रस्त्यावरूनच का चालतात?

तुम्ही विचारलंय की पुण्यात फुटपाथवर, सायकल ट्रॅकवर एवढा पैसा घातला तरी लोक डांबरावरूनच चालतात, सायकलवाले ट्रॅक सोडून गाड्यांत घुसतात, म्हणजे शिस्तच नाही, मग डिझाइनचा काय उपयोग? आणि शेवटी जाता जाता हेही विचारलंय की कर्वेनगरहून डेक्कनला ऑफिसला सायकलने जाणं जमेल का. मी काही वर्षं रस्त्यांची डिझाइन करणाऱ्या एका ऑफिसात काम केलंय, ड्रॉइंग पण काढलीयेत आणि साईटवर उन्हात टेप धरून पण उभी राहिलीये, त्यामुळे उत्तर लांबणारे, आधीच सांगते.

शिस्तीचं आधी घेऊ. सिंहगड रोडला जो माणूस डांबराच्या कडेने जीव मुठीत धरून चालत असतो ना, तोच जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्वपाशी रिक्षातून उतरला की कोणी काही न सांगता फुटपाथने चालायला लागतो. ना शिट्टी ना पावती. मधल्या अर्ध्या तासात त्याच्यावर काही संस्कार झालेले नसतात, पायाखालची जागा तेवढी बदललेली असते. तो रस्ता 2016 नंतर नव्याने केला, गाड्यांची जागा थोडी आवळली, फुटपाथ ऐसपैस केला, बसायला जागा केली. टीका पण भरपूर झाली, पार्किंग गेलं, दुचाकी वर चढतात, एवढा खर्च कशाला वगैरे, आणि त्यातली काही टीका खरीच आहे. पण लोक तिथे वरून चालतात हेही खरंच आहे.

आता आपला नेहमीचा रस्ता घ्या, कोथरूड, बिबवेवाडी, वडगाव, कुठलाही. फुटपाथ असतो. पण तो फूटभर उंच असतो, का तर दुचाकी चढू नयेत म्हणून (त्या चढतातच, पुढच्या गेटच्या रॅम्पवरून). दर तीस पावलांवर एक सोसायटीचं गेट, तिथे फुटपाथ खाली उतरतो, गेट संपलं की परत वर. शंभर मीटरमध्ये चार गेटं धरली तर चारदा उतरा आणि चारदा चढा. तिशीतल्या माणसाला पण कंटाळा येतो, मग गुडघे दुखणाऱ्या बाईला, बाबागाडीवालीला, सामानाची ट्रॉली ओढणाऱ्याला काय वाटत असेल. त्यापेक्षा खालचं डांबर सलग आहे, सपाट आहे, माणूस खाली उतरतो आणि तिथूनच चालतो, आणि आपण गाडीतून त्याला म्हणतो शिस्त नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे, म्हणजे रस्ते कसे बांधायचे ते ठरवणाऱ्या संस्थेचे, नियम आहेत ना, त्यात फुटपाथची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको असं साफ लिहिलंय, म्हणजे सहा इंच, साधी जिन्याची पायरी. नियम नाहीत असं अजिबात नाही, 2012 पासून छापील आहेत. पुणे महापालिकेचं तर स्वतःचं पादचारी धोरण आहे 2016 चं, वाचायला फार सुंदर आहे.

माझ्या मते सगळी गोम या तुटण्यात आहे, रुंदीत नाही. दीड-दोन मीटरचा का होईना पण सलग फुटपाथ असला तर लोक वापरतात, आणि चार मीटरचा केला पण दर गेटला तोडला तर नाही वापरत. नेदरलँडमध्ये छोटी गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे बऱ्याच ठिकाणी फुटपाथ तसाच लेव्हलमध्ये पुढे जातो आणि गाडी त्याच्यावर चढून, हळू होऊन, पलीकडे उतरते. म्हणजे गाडी फुटपाथ ओलांडते. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ संपतो आणि माणूस गाडीची वाट बघत उभा राहतो. फरक बांधकामाचा आहे फक्त, आणि तो करायला फार काही लागत नाही, फुटपाथच्या कडेला जी पट्टी असते, झाडं-खांबांची, तेवढ्यातच गाडीचा उतार बसवायचा आणि चालायची पट्टी जशीच्या तशी न्यायची.

हे ड्रॉइंगमध्ये करणं सोपं. साईटवर काय होतं सांगते. सोसायटीची कमिटी येते, सेक्रेटरी काका पुढे, की अहो आमच्या गाड्या खालून घासतील आणि पावसाचं पाणी आत येईल. घासण्याचं सोडा, उतार नीट दिला तर काही घासत नाही, पण पाण्याचं त्यांचं म्हणणं खरं असतं. रस्त्यावर डांबराचे थर चढवून चढवून बऱ्याच सोसायट्या आता रस्त्यापेक्षा खाली गेल्यात. मग कामावरचा माणूस काय करतो, वाद नको म्हणून गेटपाशी तोडून देतो फुटपाथ. एका गेटला तोडला की पुढच्या सगळ्यांना तोडून पाहिजे. जुना थर खरवडून मग नवा टाकला असता तर हा प्रश्नच आला नसता, पण खरवडायला वेगळा खर्च येतो.

(डांबराचा विषय निघालाच आहे तर, जंगली महाराज रस्ता 1976 मध्ये रेकॉन्डो नावाच्या कंपनीने केला होता, दहा वर्षांची हमी देऊन, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याला खड्डे नव्हते. पुणेकर हे इतक्यांदा सांगतात की मी पण सांगून घेतलं.)

दुसरी गंमत मोजमापाची. कागदावर दोन मीटर फुटपाथ, कारण टेप लावलेली असते कडेपासून थेट कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. आता त्यातून झाड वजा करा, विजेचा डीपी वजा करा, सिग्नलचा खांब, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू, झाकण हललेलं चेंबर. उरतं काय, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढं. नियम म्हणतो 1.8 मीटर मोकळं पाहिजे, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींशेजारून जातील एवढं, आणि ही जागा सगळं वजा करून उरलेली. म्हणून आधी चालायची पट्टी आखायची, ती सरळ आणि रिकामी, आणि बाकी सगळं, झाडं, दिवे, डीपी, बाकडी, गाड्या लावायच्या जागा, हे तिच्या बाहेर रस्त्याच्या बाजूच्या पट्टीत. झाड तोडायचं नाही हां, पट्टी झाडाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूने काढायची.

पथारीवाल्यांना पण या रस्त्याच्या बाजूच्या पट्टीतच बसवायचं. हटवा हटवा म्हणणारे खूप असतात पण 2014 चा केंद्राचा कायदा आहे, त्यांना जागा ठरवून द्यायची आहे, आणि खरं सांगायचं तर रात्री नऊला एकटी चालत येताना मला भुर्जीची गाडी दिसली की बरं वाटतं. रस्त्यावरचे दिवे गाड्यांसाठी उंचावर असतात, त्यांचा उजेड झाडाच्या शेंड्यावर अडतो आणि खाली फुटपाथवर काळोख. खालच्या उंचीचे दिवे बसवले तर निम्म्या बायका डांबरावरून उठून फुटपाथवर येतील, हा माझा अंदाज आहे, पैज लावायला तयार आहे.

सायकल ट्रॅकचं तर विचारूच नका. पुणे एकेकाळी सायकलींचं शहर, आणि 2006 च्या शेवटी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेली लेन) आली तेव्हा तिच्या कडेने ट्रॅक पण केले होते, पुढे 2017 मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडा पण मंजूर झाला. त्याच सुमाराला ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या, त्या गेल्या पण. ट्रॅक का वापरत नाहीत ते सायकलवर बसल्याशिवाय कळत नाही. सायकल पायाच्या जोरावर चालते, एकदा थांबली की पुन्हा वेग घ्यायला दम लागतो. ट्रॅकवर दर गेटला उतार, मध्ये बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवायचे बुटके खांब, गुळगुळीत गट्टू (सिमेंटचे ठोकळे) जे पावसात घसरतात, आणि फुटपाथच्याच लेव्हलला नुसता रंग बदललेला, त्यामुळे चालणारे त्याच्यावर येणारच. आणि चौक जवळ आला की ट्रॅक गायब. म्हणजे जिथे बस, टेम्पो, रिक्षा सगळे अंगावर येतात नेमकं तिथेच तुम्हाला सोडून दिलं. त्यापेक्षा सायकलवाला आधीपासूनच गाड्यांत राहतो, निदान ड्रायव्हरला तो दिसत तरी असतो.

आणि सगळीकडे ट्रॅक पाहिजेतच असंही नाही. पेठांमध्ये कशाला ट्रॅक? तिथे गाड्यांचा वेग 30 च्या आत आणला की झालं, गतिरोधकाने नव्हे, रस्ता आवळून. 30 च्या वेगाने धडक बसली तर माणूस बहुतेक वाचतो, 50 ला वाचेलच असं नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 32,825 पायी चालणारी होती. हे सरकारचे आकडे आहेत. यातले सगळेच काय बेशिस्त होते का?

चौकाचं एक सांगते, कारण स्वस्तात सर्वात जास्त फरक तिथे पडतो. आपले कोपरे मोठ्या गोलाईचे असतात, त्यामुळे डावीकडे वळणारा ब्रेक न लावताच वळतो आणि क्रॉसिंगचं अंतरही वाढतं. कोपरा आत ओढून आवळला, सुरुवातीला नुसते रंगाचे पट्टे आणि कोन ठेवून बघितला तरी चालतं, की गाडी आपोआप हळू वळते. हिशोबात माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, म्हणजे 14 मीटर रस्त्याला बारा सेकंद. म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त लागतात. मध्ये थांबायला जागा दिली तर दोन हप्त्यांत ओलांडता येतं. त्याऐवजी आपल्याला सुचतं काय तर माणसाला वर चढवा नाहीतर भुयारात घाला. मुंबईत 2008 मध्ये वांद्र्याला पहिला स्कायवॉक झाला आणि मग रांगच लागली त्यांची. खालचा रस्ता मोकळा झाला, गाड्यांसाठी.

आता बस. बसने जाणारा प्रत्येक जण दोन्ही टोकांना पायीच असतो हे विसरलं की पीएमपीच्या बस कितीही नव्या आणा, उपयोग नाही. फुटपाथच्या बरोब्बर मध्यावर शेड ठोकतात, म्हणजे चालणारे पण खाली आणि बसवाले पण खाली. स्टॉपपुढे रिक्षा-दुचाकी उभ्या, बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, लोक पळत जाऊन चढतात. उपाय अगदी साधा आहे, स्टॉपपाशी फुटपाथच पुढे बसपर्यंत आणायचा, बस आपल्या लेनमध्येच थांबेल. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवेल, वाजवू दे, पुढे साठ माणसं आहेत आणि त्याच्या गाडीत एक. एकेरी रस्त्यांचा पण त्रास बसवाल्यालाच, फर्ग्युसन रोडने गेलात तर परत यायचा स्टॉप जंगली महाराजला, मधलं अंतर तुमचं तुम्ही चाला.

बीआरटीचं दुखणं पण मला तेच वाटतं. 2015 ला रेनबो म्हणून नव्याने सुरू केली तेव्हा स्टेशनं चांगली केली होती, पण ती रस्त्याच्या मध्यावर आणि तिथे पोचायला सुसाट गाड्यांच्या लेन ओलांडायच्या. ते ओलांडणं सोपं केलं नाही, लेनमध्ये दुचाकी घुसत राहिल्या, आणि शेवटी नगर रस्त्यावरचा काही भाग उखडून टाकला. मग लोक म्हणतात बघा, बीआरटी आपल्याकडे चालत नाही.

"मग गाड्या लावायच्या कुठे" असं कोणीतरी खाली विचारणारच. पार्किंगला पैसे लावल्याशिवाय हे सुटत नाही. 2018 मध्ये पार्किंगचं धोरण आलं, आरडाओरडा झाला, मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करू म्हणाले, आणि तेही रेंगाळलं. 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात, 2021 पासून, तेव्हा एकदा जाऊन बघा गर्दी किती असते ते.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे नवा फुटपाथ लगेच खोदतात. त्यावर मात्र डिझाइनचा उपाय आहे. बंगळुरूत टेंडरशुअर म्हणून काही रस्ते केले, त्यात पाणी, ड्रेनेज, वीज, केबल सगळं आधी फुटपाथखाली नीट डक्टमध्ये घातलं आणि मग वर फरशी. नाहीतर नवा फुटपाथ महिन्याभरात केबलवाला उचकटतो आणि गट्टू परत बसवतो ते नाचणारे, पावसात पाय ठेवला की पिचकारी.

तुमच्या भागात काम निघणार असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ड्रॉइंग मागा आणि त्यात फक्त दोनच गोष्टी बघा, गेटला फुटपाथ तुटतोय का आणि चौकात ट्रॅक कुठे संपतोय. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने चालण्यालायक फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय, अर्जात ते टाका, वजन पडतं.

राहिलं कर्वेनगर ते डेक्कन. जमेल, पण कर्वे रोडने जाऊ नका, मेट्रोचे खांब आणि नळस्टॉपचा पूल यात सायकलला जागा नाही. राजाराम पुलापासून नदीकडेच्या डीपी रोडने म्हात्रे पुलापर्यंत या, तिथून एरंडवण्यात आत शिरा आणि कर्वे रोड एकदाच सिग्नलला ओलांडून प्रभात रोडच्या गल्ल्या धरा. रात्री मंगल कार्यालयांमुळे डीपी रोडला लग्नसराईत गाड्या कशाही लावलेल्या असतात, तेव्हा परत येताना जरा सांभाळून.