इथिओपियात पहिल्यांदा जाताना

अदिस अबाबाला पहिल्यांदाच निघाला आहात, तर आधी घड्याळाचं सांगते. तिथे तासांची मोजणी उजाडल्यापासून सुरू होते. आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. कोणी "तीनला या" म्हटलं तर ते आपले सकाळचे ९ असू शकतात. दर वेळी विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही.

शाकाहारी असाल तर काळजी सोडा. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा उपास असतो; मांस, अंडी, दूध वर्ज्य. 'त्सोम' म्हणजे उपास, हा शब्द पाठ करा. टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाचा, घावनासारखा इंजेरा आणि त्यावर शिरो, म्हणजे आपल्या पिठल्याचा भाऊच. यजमानाने घास करून तोंडाशी धरला तर मागे सरकू नका. त्याला गुर्शा म्हणतात, आणि तो मायेचा असतो.

पण मला खरं सांगायचंय ते बुनाबद्दल, म्हणजे कॉफीबद्दल. जमिनीवर हिरवं गवत पसरतात, धूप जळत असतो. घरातली बाई कच्च्या बिया धुऊन तव्यावर भाजते आणि धुरासकट तो तवा प्रत्येकापुढे फिरवते. धूर हाताने जवळ ओढून वास घ्या. मग कुटायचं, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायचं. तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. मी एकदा घाईत पहिल्या कपानंतरच उठले. त्या आजींचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. त्या दुपारी दुसरं काही ठरवूच नका.