नव्या रेसिडेंटला: प्रोकॅल्सिटोनिनवर किती विसंबायचं?

आयसीयूत पहिलीच पोस्टिंग आहे ना? मग रिपोर्टआधी पेशंटकडे बघायची सवय लाव. श्वास मिनिटाला 22 किंवा जास्त, बीपी उतरलेलं, कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज गोंधळलेले. एवढ्यावर सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागल्याचा) संशय घ्यायला हरकत नाही. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल आलं म्हणून अँटिबायोटिक अडवून धरू नकोस. ते चढायला चार-सहा तास लागतात, सीआरपीला (दाह दाखवणाऱ्या दुसऱ्या रक्तचाचणीला) त्याहून जास्त, त्यामुळे लवकर आलेल्या पेशंटमध्ये आकडा फसवतो. उलट मोठं ऑपरेशन, अपघात, भाजणं यांत जंतुसंसर्ग नसतानाही ते वाढतं. मलेरियातही वाढतं, तेव्हा पावसाळ्यात स्मिअर (मलेरियासाठी रक्ताची काचपट्टी) विसरू नकोस.

मला स्वतःला सुरुवातीला लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) जास्त कामाचं वाटतं. लिटरला 2 मिलिमोलच्या वर गेलं की सावध हो, दोन-चार तासांनी परत पाठव आणि उतरतंय का बघ. रक्त घेताना टूर्निकेट (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवू नकोस. ट्यूब लगेच लॅबमध्ये पोचव; ट्रेमध्ये पडून राहिली तर लॅक्टेट ट्यूबमध्येच वाढतं (आणि मग राऊंडला उत्तरं तुलाच द्यावी लागतात!).

प्रोकॅल्सिटोनिनचा खरा उपयोग अँटिबायोटिक कधी थांबवायचं ते ठरवताना. सर्वोच्च आकड्यापेक्षा 80 टक्के घसरलं किंवा मिलिलिटरला 0.5 नॅनोग्रॅमच्या खाली आलं, आणि पेशंटही सुधारतोय, तर कन्सल्टंटशी बोल. शॉकमध्ये (सेप्सिसने बीपी कोसळलं असेल तेव्हा) मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. कल्चर (जंतू ओळखण्यासाठी रक्ताचा नमुना) त्याआधी घे, पण शीर सापडत नाही म्हणून डोस लांबवू नकोस.