विंडोज १०चा सपोर्ट संपला. २०१६चा पीसी फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकू की नवीनच घेऊ?

तुमचा पीसी २०१६चा, आय५ सहाव्या पिढीचा, रॅम ८ जीबी, आणि दुकानदार म्हणतोय "फॉरमॅट मारून अकरा टाकून देतो". बाकीचं नंतर. आधी त्या 'फॉरमॅट मारून'बद्दल बोलतो.

जानेवारी २०२०. विंडोज ७चा सपोर्ट १४ तारखेला संपला. टीव्हीवर बातमी बघून आमचे दाजी कराडच्या घरी आले, बाबांच्या टेबलाखालचा सीपीयू उचलला आणि स्कूटरवर पायाशी ठेवून दुकानात नेला. मी पुण्यात. मला साधा फोन नाही. दुकानातल्या पोरानं विचारलं, "सी ड्राइव्हला काही आहे का?" दाजी म्हणाले, "छे, सगळं डीला असतं." त्यांच्या ऑफिसात असतं तसं. बाबांचं सगळं डेस्कटॉपवर होतं. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

रिटायर झाल्यापासून बाबा घराण्याची वंशावळ आणि गावच्या यात्रेची हकिकत टाइप करत होते. एका बोटानं, सात वर्षं. कुठल्या मानकऱ्याची पालखी आधी, कुणाची सासनकाठी नंतर, त्यावरून कधी भांडणं झाली, सगळं. संध्याकाळी सीपीयू परत आला. बाबांनी चालू केला, माऊस दोन-तीनदा इकडंतिकडं फिरवला आणि विचारलं, "माझं कुठंय?"

पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. पण त्याच जागेवर विंडोज १० येऊन बसलेलं, त्यामुळे बऱ्याच फाइली उघडेचनात. ज्या उघडल्या त्यांत मराठी नव्हतं. बाबा युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, फॉरमॅटमध्ये फॉन्टही गेला, आणि खापरपणजोबांचं नाव इंग्रजी अक्षरं, कंस आणि नको त्या चिन्हांची खिचडी होऊन समोर आलं. तो फॉन्ट मी नंतर एका डीटीपीवाल्याकडून मिळवला. एकेचाळीस पानं हाती लागली. बाबांनी पुन्हा काही टाइप केलं नाही. पत्ते खेळत बसायचे. नव्या विंडोजमध्ये त्यातही मध्येच जाहिरात यायची.

दाजी आजही म्हणतात, फॉरमॅटशिवाय विंडोज बदलताच येत नाही. साफ खोटं. तेव्हा सातवर असतानाच मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवायचं, 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडायचं, की झालं. लायसन्सही जुनंच चालायचं. ती वाट २०२३च्या सप्टेंबरात बंद झाली, म्हणजे २०२०मध्ये चांगली उघडी होती. आणि नव्यानं बसवायचंच तर पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) फॉरमॅट न करता बसवा, जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहतं. (थोड्या दिवसांनी ते आपोआप उडतं, तेव्हा लगेच काढून घ्यायचं.) दुकानात फॉरमॅट मारतात कारण त्यांचा वेळ वाचतो. बास.

आता तुमचं. सहाव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही. अकराला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय तुमच्याकडे बहुधा असेलच, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी नावानं बंद पडलेली असेल. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. दुकानदार तपासणी चुकवून अकरा बसवेल, ते चालेलही. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपला सगळा खटाटोप अपडेटसाठीच आहे ना?

नवीन घेऊ नका. बँक, मेल आणि मुलांचे प्रोजेक्ट यासाठी तुमचं मशीन धडधाकट आहे. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण घरगुती वापरासाठी ईएसयू नावाची, सुरक्षेच्या अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. मशीनवर विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' दिसेल, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. सपोर्ट संपला म्हणून दुसऱ्या दिवशी पीसी बंद पडत नाही. सातला क्रोमनंसुद्धा २०२३पर्यंत सांभाळलं होतं. पण अपडेट थांबलेल्या मशीनवर बँकेचं काम करू नका, एवढं ऐका.

त्यानंतर काय, तर मी जे केलं ते. बाबांचा पीसी तुमच्यापेक्षाही जुना, चौथ्या पिढीचा. जुनी हार्ड डिस्क काढली, पुसली नाही, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. नवीन एसएसडी लावली आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. आधी आठवडाभर पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघितलं, मग बसवलं. आई त्यावर लाइट बिल भरते आणि कीर्तनं ऐकते. मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कीबोर्डही आहे. काही बिघडलंच तर जुनी डिस्क परत जोडायची, विषय संपला. तुम्ही विंडोजवरच राहणार असाल तरी जुनी डिस्क बाजूला ठेवण्याचं तेवढं कराच.

हां, टॅली वापरत असाल किंवा डिजिटल सहीचं टोकन लावत असाल तर मिंटच्या नादी लागू नका, मग नवीन मशीनच घ्या. लॅपटॉप असेल तर हात लावण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) की कागदावर लिहून घ्या. आणि डिस्क आत्ताच कटकट आवाज करत असेल तर हे वाचत बसू नका, आधी फाइली काढा.

हे उत्तर मी दाजींनाही पाठवणार आहे. ते काय म्हणणार तेही मला माहीत आहे: "डीला ठेवलं असतं तर गेलं नसतं."