खेळ सुटला, आता खेळाचे व्यवस्थापन शिकावे का?

प्रश्न : मी पुण्यात क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकते. माझे गाव सांगली जिल्ह्यात आहे. शाळेपासून कबड्डी खेळत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचले, पण गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला. वर्गात बहुतेक उदाहरणे युरोपातील फुटबॉल क्लबांची आणि आयपीएलची असतात. प्रत्यक्ष अनुभवासाठी एका कबड्डी स्पर्धेत पाठवले, तेव्हा दोन दिवस मॅट जोडणे आणि पाण्याचे खोके उचलणे एवढेच काम मिळाले. तिसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचे वजन दोनदा वेगवेगळे आल्याने वाद झाला. काटा मॅटच्या तुकड्यावर ठेवलेला दिसला म्हणून मी तो फरशीवर ठेवला आणि वाद मिटला. बाकी सांगण्यासारखे काही घडले नाही. मामा म्हणतात, खेळणेच सुटले तर हे शिक्षण कशाला, स्पर्धा परीक्षा दे. मी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील वजनकाट्याचा जो प्रसंग तुम्ही दोन वाक्यांत उरकला आहे, तिथेच मी बराच वेळ थांबलो. वरिष्ठ महिला गटात वजनाची मर्यादा ७५ किलोंची असते, आणि त्या मर्यादेत बसण्यासाठी आठवडाभर जेवण तोडलेली, रात्रभर एसटीने प्रवास करून आलेली एखादी मुलगी मॅटच्या एका तुकड्यामुळे स्पर्धेबाहेर गेली असती. काटा कशावर ठेवला आहे, याकडे तिथल्या कोणाचेही लक्ष गेले नव्हते. तुमचे गेले, कारण त्या काट्यावर धास्तावलेल्या मनाने तुम्ही स्वतः अनेकदा उभ्या राहिला आहात. ज्याला तुमच्या अभ्यासक्रमात स्पर्धेचे संचालन म्हणतात, ते याच नजरेवर चालते.

मॅट जोडण्याचे कामही मी हलके मानणार नाही. पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते. ते तुकड्या-तुकड्यांनी जोडताना दोन तुकड्यांमध्ये फट राहिली तर तिथे पाय अडकतो, आणि त्याची किंमत काय असते हे तुमच्या गुडघ्याला माहीत आहे. मात्र दोन दिवस विद्यार्थ्यांकडून निव्वळ हमाली करून घेणे आणि कामामागचा विचार न सांगणे, ही आयोजकांची आणि महाविद्यालयाची चूकच आहे. तसे तुम्ही आपल्या प्राध्यापकांना स्पष्टपणे सांगायला हवे.

वर्गातील उदाहरणांबद्दलची तुमची तक्रार मला पूर्णपणे पटते. तुमच्या शहरातच म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभे राहिले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या आणि २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगामही तिथेच रंगला. मोठी स्पर्धा संपल्यावर एवढ्या वास्तूची देखभाल कोणत्या पैशातून करायची, ती वर्षभर कोणाला आणि कोणत्या दराने वापरू द्यायची, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एक आहे. प्रकल्पासाठी हाच विषय मागून घ्या. प्रायोजकत्वाचा धडा आला की कुस्तीगीर खाशाबा जाधवांची आठवण काढा. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी त्यांना लोकवर्गणी गोळा करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी तिथून कांस्यपदक आणले. तुमचा खेळही आता त्या अवस्थेत राहिलेला नाही. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून संघांना खेळाडूंच्या करारांचे, प्रवासाचे, तिकीटविक्रीचे आणि प्रायोजकांचे काम पाहणारी माणसे लागतात, आणि त्यांतली कबड्डी आतून ओळखणारी माणसे मला फार थोडी दिसतात.

आता मामांविषयी. त्यांची काळजी खोटी नाही. या क्षेत्रात सुरुवातीचे काम पुष्कळदा एका हंगामापुरते, कंत्राटी आणि कमी पगाराचे असते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तालुका क्रीडा अधिकाऱ्यासारख्या पदांची वाट तुम्हाला खुली ठेवायची असेल, तर जाहिरातीतील शैक्षणिक पात्रतेची अट आधी वाचा आणि मगच तयारीत वर्षे घाला. माझे मत विचाराल तर अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडू नका. पण हिशेब, अंदाजपत्रक आणि करार वाचणे हे विषय मुलाखतीच्या दृष्टीने जास्त मन लावून करा, कारण खेळाची जाण तुमच्याकडे आधीच आहे आणि उणीव या बाजूची असेल.

तोवर एक काम करा. त्या सकाळच्या वजन तपासणीविषयी एक पानभर टिपण लिहा : काटा कुठे ठेवावा, तो आदल्या रात्री ठरावीक वजनाने कसा तपासावा, आकड्यावर हरकत आली तर निर्णय कोण देईल, मुलींसाठी आडोसा कुठे असावा. पुढच्या स्पर्धेला जाल तेव्हा पाण्याच्या खोक्यांना हात लावण्याआधी ते पान आयोजकांच्या हाती द्या, आणि वजनाच्या टेबलाची जबाबदारी मागून घ्या.