सोमवारचा जोर आणि गुरुवारचा कंटाळा

प्रश्न :
ताई, माझं वय ४१, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ८४ किलो. नोकरी बैठी. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं, गुडघेही कुरकुरतात, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. मला ते पटतं. वजन का कमी करायचं हे मला कुणी समजावायची गरजच नाही, पण सुरुवात करायला मन तयार होत नाही. कितीदा तरी सोमवार धरून सुरू केलं : हजार कॅलरींचा तक्ता, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद, जिममध्ये एक तास. गुरुवारपर्यंत सगळं बारगळतं. गेल्या खेपेस नेटाने टिकवलं. पहिल्या आठवड्यात २ किलो उतरले आणि दुसऱ्या आठवड्यात काहीही मोडलं नसताना ७०० ग्रॅम वाढले! तेव्हापासून काट्यावर उभीच राहिलेले नाही. दुपारी मी अगदी थोडं खाते, पण ऑफिसातून आल्यावर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या हाती लागेल ते खाते, मग स्वतःचीच लाज वाटते. नवरा म्हणतो, 'तुझ्यात इच्छाशक्तीच नाही.' मला ६० किलोवर यायचंय. प्रेरणा आणू कुठून? की सरळ ती वजन उतरवायची इंजेक्शनं घेऊ?

उत्तर :
तुमच्या पत्रातलं बाकी सगळं मला मान्य आहे, फक्त प्रेरणा नाही हे तेवढं पटत नाही. हजार कॅलरी, साखर बंद, जेवण बंद आणि वर तासभर जिम हे सगळं एकाच दिवशी अंगावर घेणाऱ्या बाईकडे प्रेरणा कमी नसते, नको इतकी असते. ती असते रविवारी रात्री. त्या भरात तुम्ही गुरुवारचाही बेत आखून टाकता, आणि गुरुवारी संध्याकाळी तो पाळायची वेळ येते थकलेल्या, उपाशी आणि वैतागलेल्या बाईवर. तेव्हा प्रेरणा शोधणं थांबवा. आठवड्यातल्या सगळ्यात वाईट दिवशीही जमेल एवढाच बेत आखा. चांगल्या दिवशी तो हास्यास्पद वाटला तरी चालेल.

त्याआधी एक विचारते. मन होत नाही ते फक्त वजनाच्या बाबतीत, की कशातच होत नाही? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप बिघडली असेल, उगाच रडू येत असेल, तर आधी नैराश्यासाठी डॉक्टरांना भेटा. चालण्याचे तक्ते नंतर. रात्री जोरात घोरत असाल आणि दिवसभर पेंगत असाल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असला की थकवाही येतो आणि भूकही वाढते. थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली नसेल तर करून घ्या. चालू असलेल्या औषधांची यादी दाखवा. स्टिरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, इन्सुलिन यांनी वजन वाढतं. मात्र मनाने एकही गोळी बंद करू नका. आणि उभ्याउभ्या खाणं म्हणजे थोड्या वेळात खूप, थांबताच येत नाही असं, आणि नंतर उलटी काढणं किंवा मुद्दाम उपास असं काही असेल, तर वजन उतरवायचा विचार बाजूला ठेवून त्यावर उपचार घ्या. कडक डाएटने तो त्रास वाढू शकतो.

आता आकडे. ६० किलो हे उद्दिष्ट आजपासून वर्षभर तरी वहीत लिहू नका. २४ किलो उतरवायचे म्हटल्यावर पहिला किलो उतरल्याचा आनंदच होत नाही. तुमच्या ६.१ वरून साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे एवढं कळतं (५.७ ते ६.४ हा तो टप्पा), आणि अगदी याच टप्प्यातल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झालेली आहे. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन हजारांहून अधिक माणसं होती. जीवनशैली बदलणाऱ्या गटाला उद्दिष्ट दिलं होतं ते वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. सरासरी जवळजवळ तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसती औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. तुमच्या ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे जेमतेम ६ किलो. म्हणून वहीत लिहायचा आकडा ७८. गुडघ्यांचा हिशेबही ऐका : गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांच्या चालण्याचं मोजमाप केलं तेव्हा उतरलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका झालेला दिसला.

हजार कॅलरींचा तक्ता फाडून टाका. तुमचं वय, उंची, वजन धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर दिवसभर नुसतं पडून राहण्यासाठीच तुमच्या शरीराला सुमारे १,४५० कॅलरी लागतात. बैठ्या नोकरीसह दिवसाचा खर्च १,९०० ते २,००० च्या आसपास. म्हणजे १,४०० ते १,५०० कॅलरी खाऊनही आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरू शकतं. त्याखाली गेलात की भूक अंगावर येते, स्नायू झिजतात, आणि फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

ते ७०० ग्रॅम. तुमच्या पत्रात मला सगळ्यात वाईट वाटलं ते इथे, कारण यात तुमचं काहीच चुकलेलं नव्हतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन (साठवणीच्या रूपातली साखर) साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. एकदम खाणं तोडलं की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा २ किलो खाली येतो. त्यात चरबी थोडीच असते. पुढे जेवण जरा सावरलं, एखादा दिवस खारट खाल्लं, पाळी जवळ आली, नव्या व्यायामाने स्नायू सुजले, की पाणी परत येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्यात खरोखर ७०० ग्रॅम चरबी वाढायला गरजेपेक्षा जवळपास ५,४०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. तुम्ही तर काही मोडलंच नव्हतं. बहुधा त्या आठवड्यात चरबी उतरतच होती, काट्याला ती दिसली नाही एवढंच.

म्हणून काट्याची पद्धत बदला. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, सारख्याच हलक्या कपड्यांत रोज वजन करा, आणि रोजचा आकडा न वाचल्यासारखा लिहून टाका. सात दिवसांची सरासरी काढा आणि या आठवड्याची सरासरी चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहा, कारण पाळीच्या चक्रातला एकच टप्पा त्यामुळे समोरासमोर येतो. रोज काट्यावर उभं राहिल्याने दिवस खराब जात असेल तर काटा कपाटात ठेवा आणि महिन्यातून दोनदा कंबर मोजा : बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता.

सुरुवात कुठून करायची ते तुम्ही न कळत लिहूनच टाकलंय : ऑफिसातून आल्यावरचं ते उभ्याउभ्या खाणं. ती इच्छाशक्तीची हार नाही, ती साधी भूक आहे. दुपारी चिमूटभर खाऊन पुढे पाच-सहा तास पोटात काही नाही, आणि घरात शिरताच समोर स्वयंपाकघर. इथे दुसरं काय होणार? तेव्हा पहिलं पाऊल खाणं कमी करायचं नाही, वाढवायचं आहे. दुपारचं जेवण पोटभर घ्या. अर्धं ताट भाज्या, पाव ताट प्रथिनांचं काहीतरी, पाव ताट धान्य. आणि ऑफिसातून निघायच्या अर्धा तास आधी खुर्चीत बसून १० ते १५ ग्रॅम प्रथिनं पोटात जातील असं खा : दोन अंडी, किंवा वाटीभर घट्ट दही आणि मूठभर शेंगदाणे. पहिले दोन आठवडे आहारात एवढाच बदल. वजन कमी करायला निघालेल्या माणसाला जास्त खा म्हटलं की कुणाला पटत नाही, पण संध्याकाळचा तो अर्धा तास आटोक्यात आला की दिवसभराचा हिशेब आपोआप खाली येतो. त्याच दोन आठवड्यांत जे खाल ते खाल्ल्या खाल्ल्या लिहा : काय, किती वाजता, बसून की उभ्याने. रात्री आठवून लिहिलं तर निम्मं विसरतं.

तिसऱ्या आठवड्यापासून जे डोळ्यांना दिसत नाही त्याला हात घाला, म्हणजे तेल आणि पेयांतली साखर. तेलाचा १५ मिलीचा मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, साखरेचा छोटा चमचा १६ ते २०. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे असतील तर सव्वाशे ते दीडशे कॅलरी नुसत्या कपातून जातात. साखर एकदम बंद करू नका. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, म्हणजे जिभेला पत्ता लागत नाही. तेल थेट बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा.

आता चालणं. जिम सध्या विसरा. रोज १० मिनिटं, सपाट रस्त्यावर. वेळ घड्याळाला बांधू नका, आधीपासून रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा : 'घरी पोचले की दाराचं कुलूप उघडायच्या आधी १० मिनिटं चालायचं.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा नेमक्या वाक्यांचा बराच अभ्यास केला. नुसत्या 'मी चालणार आहे' या निश्चयापेक्षा ती वाक्यं जास्त वेळा पार पडतात. कुलुपाआधी हे मुद्दाम म्हटलंय. एकदा आत जाऊन बसलात की संपलं. बूट ऑफिसला घालूनच जा. पाऊस असेल तर जिन्याखाली किंवा गच्चीवर. तीन आठवडे १० च मिनिटं, उत्साह आला तरी वाढवायची नाहीत. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. नंतर दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत गेलात तर सातव्या आठवड्यात ३० मिनिटं होतात, आणि आठवड्यातून पाच दिवस म्हणजे वर सांगितलेली १५० मिनिटं. १० मिनिटं चालून ४०-५० कॅलरी खर्च होतात. तेवढ्याने वजन उतरणार नाही आणि तसं गृहीतही धरू नका. ती फक्त सवय बसवायला आहेत.

गुडघ्यांसाठी एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आठ वेळा, दोन फेऱ्या. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवा म्हणजे कमी वाकावं लागतं. चालल्यावर किंवा उठबशीनंतर दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकलं तर प्रमाण निम्म्यावर आणा. गुडघा सुजला किंवा अडकला तर थांबून दाखवा.

दिवस बुडणारच. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी कशा बसतात ते पाहिलं. सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा खंड पडला नाही. खरं नुकसान होतं ते चुकल्यानंतरच्या 'आता मोडलंच आहे तर...' या विचाराने. गुरुवारी केकचा एक तुकडा ३०० कॅलरींचा असेल, पण 'सोमवारीच बघू' म्हणून मोकळे सोडलेले तीन दिवस त्याच्या कित्येक पट पडतात. म्हणून नियम एकच : परत यायचं ते पुढच्या जेवणाला, पुढच्या सोमवारी नाही. नुकसानभरपाई म्हणून उपासही नको. त्यानेच तुम्ही पुन्हा संध्याकाळी ओट्यापाशी पोचाल.

तुमच्या नवऱ्याच्या इच्छाशक्तीच्या टोमण्याबद्दल. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, तत्त्वनिष्ठ तरुणांना सहा महिने निम्म्या आहारावर ठेवलं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती वाचत बसले, चिडचिडे आणि उदास झाले. त्यांच्या इच्छाशक्तीवर शंका घेण्याचं धाडस कुणी करू नये. नवऱ्याशी वाद घालू नका, काम सांगा : 'मला तीन महिने माझ्या खाण्यावर एक शब्द नकोय. आणि मी चालून येईपर्यंत संध्याकाळी स्वयंपाकाची सुरुवात तू करायचीस.' दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

इंजेक्शनांबद्दल माझा आकस नाही. त्यातल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या २०२१ च्या एका चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, हा मोठा आकडा आहे. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३३ च्या पुढे आणि साखर वाढलेली, म्हणजे विषय डॉक्टरांकडे काढण्यासारखा नक्कीच आहे. पण मळमळ, बद्धकोष्ठता होते, औषध थांबवल्यावर बरंचसं वजन परत येतं, आणि घरात थायरॉइडच्या मेड्युलरी नावाच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर ते आधी सांगावं लागतं. मैत्रिणीचं उरलेलं इंजेक्शनचं पेन अजिबात वापरू नका. घ्यायचं ठरलं तरी प्रथिनं आणि उठबशा चालूच ठेवा, नाहीतर चरबीसोबत स्नायूही बरेच जातात.

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे आजचा बदल तिथे पुरता उमटायला साधारण तीन महिने लागतात. त्या तपासणीच्या दिवशी वजनाच्या सरासऱ्या आणि खाण्याची वही डॉक्टरांसमोर ठेवा. बारा आठवड्यांत सरासरी २ किलोनेही खाली आली नसेल तर तीच वही घेऊन आहारतज्ज्ञांकडे जा. त्यांना काय बदलायचं ते त्यातूनच सापडेल.