रबाळ्यात पहिला सर्फबोर्ड घडवताना

गाळा घेतलास, छान केलंस. पण रेझिन, म्हणजे बोर्डावर चढवायचा, सुकून कडक होणारा द्रव, आणायच्या आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. थर्माकोलच्या, म्हणजे ईपीएसच्या ब्लँकवर (ज्यातून बोर्ड घडवायचा त्या फोमच्या ठोकळ्यावर) पॉलिस्टर रेझिन कधीही ओतायचं नाही. त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. माझा पहिला बोर्ड असाच गेला. बघता बघता नाकाजवळ वाटीएवढा खड्डा पडला आणि चार दिवसांची घासाघीस पाण्यात गेली. ईपीएसला इपॉक्सी रेझिनच. पॉलिस्टर चालतं ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोमला.

इपॉक्सी आणि ते कडक करायला मिसळायचा हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर वजनाचं लिहिलंय तेच, वजनकाट्यावर मोजून. हार्डनर जास्त घातलास तर लवकर सुकत नाही, उलट चिकट राहतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो पाण्याने धुऊन, घासून मगच पुढचा हात दे. आणि मास्क कार्बन फिल्टरचाच. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

घासताना डोक्यावरची ट्यूब बंद कर. दोन्ही भिंतींवर, बोर्डाच्या उंचीला ट्यूब लाव. आडव्या उजेडात कडेचा बारीकसा उंचवटाही सावलीने उघडा पडतो. मग डोळे मिटून दोन्ही कडांवर एकदम तळहात फिरव. मला तरी डोळ्यापेक्षा हातावर जास्त भरवसा आहे.

धंद्याचं म्हणशील तर गिऱ्हाईक इथे खाडीकाठी नाही, ते दक्षिणेतल्या सर्फिंगच्या किनाऱ्यांवर, मुल्की, कोवलम, वर्कलाकडे. सहा फुटांचा बोर्ड तिथवर पाठवायचा तर पॅकिंग आणि भाडं किमतीत आधीच धर. सुरुवातीला फुटलेल्या बोर्डांची दुरुस्ती घे, त्यातून आतलं काम दिसतं.